आधी ऊब, मग घास : आजारी भटके पिल्लू कमी खर्चात कसे सांभाळावे

मृगाचा पाऊस लागला की बेळगाव-खानापूरकडच्या घरांत एक प्रसंग हमखास घडतो. पडवीत रचलेल्या लाकडांमागे, वडगाव-खासबागच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा बंद पडलेल्या रिक्षाच्या सीटखाली मांजराचे एखादे पिल्लू सापडते. भिजलेले, डोळे चिकटलेले, ओरडून आवाज बसलेले. मुले ते घरात आणतात, कोणीतरी वाटीत दूध ओतते, कोणीतरी मेडिकलमधून तापाची गोळी आणायला सांगते, आणि दोन दिवसांनी पिल्लू मरते. ‘भटकेच ते, जगणार नव्हतेच’ असे म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात.

अशी काही पिल्ले खरोखरच वाचण्याच्या पलीकडे गेलेली असतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु बरीचशी पिल्ले मूळ आजारापेक्षा उपचारांचा क्रम चुकल्यामुळे जातात. हा क्रम ऊब, पाणी, अन्न आणि शेवटी औषध असा आहे, आणि त्यातील पहिल्या दोन पायऱ्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत त्याने ते कशावर खर्च करावेत आणि कशावर मुळीच करू नयेत, हे समजण्यासाठी त्या क्रमामागचे कारण समजून घ्यावे लागते.

आई खरोखरच सोडून गेली आहे का?

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात, आणि त्यात बरेच तथ्य आहे. व्यालेली भाटी (मांजरी) जागा बदलताना एका वेळी एकच पिल्लू तोंडात धरून नेते. त्यामुळे मागे दिसणारे पिल्लू टाकून दिलेले नसून त्याची पाळी अजून यायची असू शकते. शिवाय तिला स्वतःचे पोट भरण्यासाठी काही तास बाहेर राहावे लागतेच. पिल्लू अंगाने उबदार असेल, त्याचे पोट गोल असेल आणि ते शांत झोपले असेल, तर त्याला न उचलता लांबून तीन-चार तास लक्ष ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ करत नाही, ही समजूत मांजरांच्या बाबतीत बहुतांशी खोटी आहे. तेव्हा पागोळीखाली भिजणारे पिल्लू जवळच्याच कोरड्या आडोशाला सरकवून ठेवण्यास हरकत नाही. आईच्या दुधाइतके स्वस्त आणि चांगले अन्न आपण कितीही धडपड केली तरी देऊ शकत नाही, म्हणून तिला परत येण्याची संधी देणे ही पहिली बचत आहे.

पिल्लू थंडगार लागत असेल, एकसारखे ओरडत असेल, डोळ्यांत पू किंवा अंगावर जखम असेल, किंवा त्याच्यावर माशा बसू लागल्या असतील, तर मात्र वाट पाहू नये.

उचलल्यावर त्याचे वय ठरवावे, कारण पुढचे सगळे वयावर अवलंबून आहे. मांजराच्या पिल्लाचे डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात आणि पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात. जन्माच्या वेळी ते साधारण १०० ग्रॅमचे असते आणि धडधाकट पिल्लू आठवड्याला सुमारे ७० ते १०० ग्रॅमने वाढते, म्हणजे महिन्याचे पिल्लू ४०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास भरते. रस्त्यावरचे पिल्लू याहून हलकेच असते. वजनासाठी काटा विकत घेण्याची गरज नाही. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार डब्यात ठेवलेले पिल्लू आपल्या काट्यावर आनंदाने तोलून देतो, असा माझा अनुभव आहे. रोज ठरावीक वेळी वजन करून वहीत लिहावे. पिल्लू दूध पिताना दिसते आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण वजन वाढत नसेल तर काहीतरी बिघडले आहे हे काटा आपल्या आधी सांगतो.

थंड पिल्लाला खायला का घालू नये

पातेल्यातला चहा बराच वेळ गरम राहतो आणि तोच बशीत ओतला की दोन मिनिटांत निवतो. पिल्लाचे शरीर म्हणजे बशीतला चहा होय. आकाराच्या मानाने त्याची कातडी फार पसरलेली असते, अंगावर चरबी नसते, आणि साधारण चार आठवड्यांचे होईपर्यंत त्याला स्वतःच्या अंगात पुरेशी उष्णता टिकवून धरता येत नाही. आईची आणि भावंडांची ऊब हीच त्याची चूल असते.

अंग थंड पडले की आतड्यांची हालचाल मंदावते. चुलीत जाळ नसताना भांड्यात डाळ टाकली तर ती शिजत नाही, नुसती आंबते. तसेच थंड पोटात ओतलेले दूध पचत नाही, ते उलटून वर येते आणि फुप्फुसात शिरते. दयाबुद्धीने केलेली सर्वांत घातक चूक हीच आहे.

म्हणून पहिला तास-दोन तास केवळ उबेसाठी द्यावेत. ओले अंग जुन्या सुती कापडाने कोरडे करावे. पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा बुट्टीत चिंध्या अंथरून, प्लॅस्टिकच्या बाटलीत हाताला सोसेल इतके गरम पाणी भरून, ती बाटली मोज्यात किंवा फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवावी. खोक्याची दुसरी बाजू थंडच राहू द्यावी, म्हणजे पिल्लाला नको झाल्यास सरकता येते. पाणी निवले की बाटली पिल्लाचीच ऊब ओढून घेऊ लागते, त्यामुळे ते वेळोवेळी बदलावे लागते. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून बल्बपेक्षा बाटलीच बरी. पिल्लू चुलीसमोर धरून घाईने तापवू नये. हळूहळू ऊब आली पाहिजे.

घरात डिजिटल थर्मामीटर असेल तर त्याच्या टोकाला खोबरेल लावून ते गुदद्वारात अगदी थोडे घालावे आणि नंतर ते मांजरासाठीच राखून ठेवावे. महिन्याच्या पुढच्या निरोगी पिल्लाचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्याहून लहान पिल्लांचे कमी असते. म्हणजे माणसाला जो सणसणीत ताप वाटतो तो मांजराचा नेहमीचाच पारा असतो, आणि हे ठाऊक नसल्याने अनेक जण धडधाकट पिल्लाला ‘अंग तापलंय’ म्हणून गोळी देतात. त्या गोळीविषयी पुढे सविस्तर सांगितले आहे. महिन्याच्या पिल्लाचा पारा ९९ च्या खाली असेल तर खाणे थांबवून ऊब वाढवावी.

पिल्लू अगदी मलूल असेल तर ऊब देत असतानाच साध्या ग्लुकोज पावडरचे दाट पाणी करून त्याचा एखादा थेंब बोटाने हिरड्यांवर चोळावा. लहान पिल्लाच्या रक्तातील साखर काही तासांच्या उपासाने घसरते. मात्र बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काहीही ओतू नये.

पाणी : मेडिकलमधली सर्वांत स्वस्त वस्तू

जुलाब, उलट्या किंवा उपासमारीने शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात, त्याला निर्जलीकरण म्हणतात. पिल्लाच्या हिरड्यांना बोट लावून पाहावे. त्या ओलसर-बुळबुळीत न लागता चिकट किंवा कोरड्या लागल्या, किंवा लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडले आहे असे समजावे. मानेवरची कातडी उचलून पाहण्याची पद्धत मोठ्या मांजरात उपयोगी पडते. अगदी लहान पिल्लात ती फसवू शकते.

अंग उबदार झाल्यावर माणसांसाठी मिळणारे साधे ओआरएस थोड्या वेळापुरते चालते. येथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात कालवणे. असे खारट पाणी शरीरातले उरलेले पाणीही ओढून घेते. पाकिटावर १ लिटर लिहिले असेल तर पूर्ण पाकीट उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यातच विरघळवावे आणि २४ तासांनी उरलेले फेकून द्यावे. दुसरी चूक म्हणजे फळांच्या स्वादाचे, खोक्यातले गोड पेय ओआरएस समजून आणणे. सुई नसलेली १ मिलीची सिरिंज मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते. पिल्लू पालथे, डोके किंचित वर असे धरून ओठाच्या कोपऱ्यातून काही थेंब सोडावेत, ते गिळले की पुढचे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून कधीही पाजू नये. ओआरएस हे अन्न नव्हे, त्याने वजन वाढत नाही. आणि उलट्या थांबतच नसतील तर कातडीखाली सलाईन देण्यासाठी डॉक्टरांकडेच जावे लागते.

दूध आणि कुंद्याचा हिशोब

मांजर आणि दूध ही जोडी आपल्या भाषेत इतकी पक्की बसली आहे की गाईचे दूध पिल्लाला सोसत नाही हे सांगितले तर कोणाला पटत नाही. गाईच्या दुधातील लॅक्टोज नावाची साखर पिल्लाला नीट पचत नाही आणि जुलाब लागतात. त्याच वेळी त्या दुधातील प्रथिने मांजरीच्या दुधाच्या मानाने जेमतेम निम्मी असतात. ‘मग पाणी घालून द्यावे’ हा पहिला उपाय सुचतो, पण त्याने पोषण आणखी पातळ होते. ‘मग आटवून द्यावे’ हा दुसरा. बेळगावकराला कुंदा ही दुधाची मिठाई कशी होते हे सांगायला नको: दूध आटते तेव्हा फक्त पाणी जाते, बाकी सगळे कढईत दाट होऊन राहते. प्रथिने दाट होतात तशी लॅक्टोजही दाट होते, म्हणजे जुलाब वाढतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असतो, पण अडचण तीच राहते. शेळीचे दूध थोडे बरे सोसते असा अनेकांचा अनुभव आहे, तरी तेही पिल्लाच्या वाढीला पुरत नाही.

महिन्याच्या आतील पिल्लाला मांजरांसाठीची दूध पावडर आणणे हा पहिला खरा खर्च आहे, आणि तो टाळण्यात बचत नाही. डबा महाग वाटतो, परंतु १५० ग्रॅमचे पिल्लू एका वेळी ५-६ मिलीच पिते. अंदाज असा की १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी सुमारे ४ मिलीहून अधिक पोटात मावत नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, तिसऱ्या आठवड्यात दर चार-पाच तासांनी पाजावे लागते. तीन आठवड्यांच्या आतील पिल्लाला स्वतःहून लघवी-शी करता येत नाही. आई चाटून ती करवते, म्हणून प्रत्येक पाजण्याच्या वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्या जागी हलके चोळावे. कापसाचे हे काम विसरल्यामुळे पोट फुगलेली पिल्ले डॉक्टरांकडे येतात आणि घरचे सांगतात की दूध मानवले नाही.

फुकटचा एक मार्ग आहे. ओळखीत कोणाच्या घरी भाटी व्याली असेल तर पुष्कळदा ती परके पिल्लू जवळ करते. पण आपले पिल्लू शिंकत किंवा जुलाब करत असेल तर तिच्या पिल्लांचा जीव धोक्यात घालू नये.

दात आलेल्या, महिन्याच्या पुढच्या पिल्लाला मीठ, मसाला, कांदा, लसूण न घालता उकडलेले कोंबडीचे मांस त्याच्याच पाण्यात कुस्करून द्यावे. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, त्यामुळे आपल्या रस्श्यातला तुकडा धुऊन देणेही योग्य नाही. कच्चे मांस देऊ नये. २०२५ च्या सुरुवातीस मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे घरगुती मांजरांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला होता, हे लक्षात ठेवावे. आणि नुसते मांस महिनोन्‌महिने घातले तर कॅल्शियमअभावी हाडे ठिसूळ होतात, म्हणून त्यात पिल्लांसाठीचे तयार कोरडे खाद्य कोमट पाण्यात भिजवून मिसळणे, हा खर्च आणि पोषण यांचा चांगला मेळ आहे.

‘आमच्या घरी मांस चालत नाही’

सीमाभागात जैन, लिंगायत आणि ब्राह्मण घरांत ही अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र दूध-भात आणि दूध-पोळीवर मांजर नीट जगत नाही. टॉरिन नावाचा एक घटक मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवता येत नाही, तो मांसातूनच मिळवावा लागतो, आणि तो न मिळाल्यास कालांतराने दृष्टी जाते व हृदय कमकुवत होते. ‘आमचे मांजर वर्षानुवर्षे दूध-भातावर जगले’ असे सांगणाऱ्या घरातले मांजर रात्री बाहेर उंदीर, पाली आणि चिमण्या खात असते. आजारी पिल्लू ते करू शकत नाही. घरात मांस शिजवायचे नसेल तर बंद पाकिटातले खाद्य वापरावे, किंवा शेजाऱ्यांशी बोलून त्यांच्याकडे सोय करावी. उकडलेले अंडे उपयोगी आहे, पण ते एकटे पुरेसे नाही. शाकाहार हा माणसाने घेतलेला निर्णय आहे, तो मांजराच्या पोटावर लादता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिंका, चिकट डोळे आणि घरातले जुने थेंब

भटक्या पिल्लांचा सर्वांत सामान्य आजार म्हणजे मांजरांची सर्दी. ती बहुधा विषाणूंमुळे होते आणि त्यावर जंतूंचा दुसरा हल्ला झाला की डोळ्यांत व नाकात पू येतो. ती माणसाला सहसा लागत नाही, दुसऱ्या मांजराला मात्र सहज लागते. यात पिल्लू खात नाही ते भूक मेल्यामुळे नव्हे, तर नाक बंद झाल्याने वास येत नाही म्हणून. मांजर वासावर जेवते. हे कळले की उपाय घरचेच सुचतात. डोळे आणि नाक मेडिकलमधल्या सलाईनने किंवा उकळून कोमट केलेल्या पाण्याने, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घेऊन, दिवसातून चार वेळा पुसावेत. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडून पिल्लाला घेऊन दहा मिनिटे बसावे. अन्न कोमट करून द्यावे, म्हणजे त्याचा वास उठतो. बाम किंवा निलगिरीचे तेल वाफेत टाकू नये. कापूर आणि अशी तेले मांजराला विषारी आहेत.

येथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब मी एका पिल्लाच्या डोळ्यात घातले, कारण ‘डोळ्याचेच तर औषध आहे’. त्यात स्टिरॉइड होते. मांजरांच्या सर्दीत बुबुळावर बारीक जखम असू शकते आणि स्टिरॉइडने ती चिघळून डोळा फुटू शकतो. माझ्या नशिबाने दोन दिवसांत एका डॉक्टरांनी बाटली पाहून ती फेकायला लावली आणि डोळा वाचला. घरातल्या जुन्या थेंबांमुळे पैसे वाचतात असे वाटते, पण तेच थेंब डोळ्याच्या किमतीचे ठरतात.

जुलाब : साधे आणि जीवघेणे

फुगलेले पोट, बारीक हातपाय, अधूनमधून पातळ शी, कधी उलटीत शेवयांसारखे जंत, हे चित्र जंतांचे असते. मांजरातील गोल जंत आईच्या दुधातूनही पिल्लात येतात, त्यामुळे भटक्या पिल्लाला जंत असतीलच असे धरून चालावे. जंताचे औषध स्वस्त आहे, पण ते वजनावर मोजून, दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते, आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

अचानक उलट्या, दुर्गंधीचे किंवा रक्ताचे जुलाब, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसणे, ही लक्षणे दिसली तर घरगुती उपाय थांबवावेत. हा पॅनल्युकोपेनिया असू शकतो, ज्याला बोलीत मांजरांचा पार्वो म्हणतात. त्यात रक्तातील पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, झपाट्याने कमी होतात आणि लस न घेतलेली बरीच पिल्ले दगावतात. त्याचा विषाणू जमिनीवर, कापडावर, चपलांवर सुमारे वर्षभर टिकू शकतो. फिनेलने तो मरत नाही, उलट फिनेल आणि डेटॉल मांजराच्या पायांना लागून चाटल्यावाटे पोटात जातात आणि त्याला इजा करतात. फरशी आधी साबणाने धुऊन, साध्या ब्लीचचा १ भाग ३२ भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटे ठेवावा व नंतर स्वच्छ पाण्याने धुवावा. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरे काही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. घरात दुसरे मांजर असेल तर नव्या पिल्लाला निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे.

पिसवांचे रक्तशोषण

पिसवा म्हणजे नुसती खाज, असे मोठ्या मांजराच्या बाबतीत म्हणता येईल. ३०० ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात रक्तच इतके थोडे असते की शेकडो पिसवा ते संपवत आणतात; हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर हेच घडते आहे. उवांसाठी वापरतो ती बारीक दातांची फणी घेऊन अंग विंचरावे आणि फणी प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्यात बुडवावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला खर्च नाही. कुत्र्यांसाठीचे पिसवांचे औषध मांजराला कधीही लावू नये. अशा अनेक औषधांतील पर्मेथ्रिन या कीटकनाशकाने झटके येऊन मांजर मरू शकते. निपाणी भागात जनावरांच्या अंगावरील किड्यांसाठी तंबाखूचे पाणी लावण्याचा जुना प्रघात आहे, तोही येथे निषिद्ध समजावा, कारण निकोटीन मांजराला विष आहे. डांबरगोळ्या आणि टर्पेंटाइन यांचेही तेच. जखमेत अळ्या पडल्या असतील तर त्या डॉक्टरांनाच काढू द्याव्यात.

तापाची गोळी आणि साखर कारखाना

आता ती गोळी. क्रोसिन, डोलो आणि तत्सम गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. ‘पाव गोळीने काय होते, लहान बाळालाही देतात’ हा आक्षेप प्रत्येक घरात ऐकू येतो. चिक्कोडी-रायबागकडच्या वाचकांना याचे उत्तर साखर कारखान्याच्या दारात सापडेल. गाळप जोरात चालू असेल तर उसाच्या शंभर गाड्या आल्या तरी रांग पुढे सरकते. गाळपाचे यंत्र बंद असेल तर दहा गाड्यांनीही रस्ता अडतो. माणसाचे यकृत पॅरासिटामॉलला एका ठरावीक रासायनिक मार्गाने निरुपद्रवी करून बाहेर टाकते. मांजरात नेमका तो मार्ग फारच दुबळा असतो. औषध साचते, दुसऱ्या वाटेने त्याचे विष बनते, आणि ते विष तांबड्या रक्तपेशींची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेते. हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो, श्वास लागतो. एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते, मग पिल्लाला पाव गोळी पुरते. आयबुप्रोफेनसारख्या इतर वेदनाशामक गोळ्याही देऊ नयेत. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता, गोळीचे पाकीट सोबत घेऊन तत्काळ डॉक्टर गाठावा.

पैसे थोडेच असतील तर ते कोठे घालावेत

पाच औषधे अंदाजाने आणण्यापेक्षा एका तपासणीचे पैसे देणे स्वस्त पडते. तालुक्याच्या आणि होबळीच्या (कर्नाटकात तालुक्याखालच्या गावगटाच्या) सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत खर्च अगदी कमी येतो. तेथे गाई-म्हशींची गर्दी असते आणि मांजर घेऊन गेले की लोक हसतात, पण वजनावर जंताच्या औषधाची मात्रा, ताप, पाण्याची कमतरता आणि इंजेक्शन एवढे तेथे होऊ शकते. कर्नाटकात १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा निःशुल्क क्रमांक आहे. फिरती गाडी मुख्यतः शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी असली तरी विचारून पाहण्यास पैसे पडत नाहीत. रक्ततपासणीची गरज पडलीच तर निपाणीकर कोल्हापूरला जातात, खानापूरकर बेळगावात येतात.

नव्याने बदली होऊन आलेल्या डॉक्टरांना मराठी कळतेच असे नाही, आणि घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. म्हणून चार कन्नड शब्द लक्षात ठेवावेत: पिल्लाला ‘बेक्किन मरी’, जुलाबाला ‘भेदी’, उलटीला ‘वांती’, आणि खात नाही याला ‘तिन्नुत्तिल्ल’. कधीपासून, दिवसातून किती वेळा आणि वजन किती, हे वहीतले आकडे समोर ठेवले की भाषेचे अर्धे काम होते.

खासगी दवाखान्यात गेल्यावर लाजू नये. आपल्याकडे किती पैसे आहेत ते तपासणीपूर्वीच सांगावे आणि ‘एवढ्यात सर्वांत आवश्यक काय आहे?’ असे विचारावे. चांगला डॉक्टर त्याप्रमाणे क्रम लावून देतो आणि पिल्लू वाचण्यासारखे नसेल तर तेही सांगतो. पांढऱ्या किंवा तपकिरी हिरड्या, तोंड उघडून श्वास, झटके, रक्ताचे जुलाब, किंवा महिना-दीड महिन्याच्या पिल्लाने १२ तास काहीच न खाणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

माणसांना काय धोका?

‘एवढेसे पिल्लू, त्याला कसला रेबीज’ हे म्हणणे चुकीचे आहे. कोणत्याही वयाच्या मांजराला रेबीज होऊ शकतो. भेदरलेले पिल्लू हाताळताना जाड टॉवेल वापरावा. चावा बसला किंवा रक्त येईल असा ओरखडा उठला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवावी, हळद-चुना लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. प्रतिबंधक लस तेथे मोफत मिळते. हे एकच काम असे आहे की जे पिल्लासाठी नसून आपल्यासाठी आहे आणि ते टाळता येत नाही.

गरोदर बाईच्या घरात मांजर नको, असे सांगितले जाते. त्यामागे टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी आहे, जो मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो. परंतु विष्ठेतील त्याची अंडी संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात, म्हणून मांजराची माती किंवा भुसा घरातील दुसऱ्या व्यक्तीने रोज बदलला आणि हात धुतले तर धोका बराच कमी होतो. पिल्लाच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर तो गजकर्ण असू शकतो. तो मुलांना लागतो, पण बरा होतो.

‘एक वाचवून आणखी दहा वाढवायची का?’

हा आक्षेप सर्वांत रास्त आहे. मादी पिल्लू चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांच्या आसपास विते. म्हणजे मृगात सापडलेले महिन्याचे पिल्लू दसरा-दिवाळीच्या सुमारास माजावर येऊन संक्रांतीपर्यंत स्वतः आई होऊ शकते, आणि लाकडांमागचा तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो. पिल्लू बरे झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, चार महिन्यांचे होईपर्यंत पार्वो आणि सर्दीवरील एकत्रित लस देतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास द्यावी लागते, आणि २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या आसपास पुष्कळ ठिकाणी ती मोफत टोचली जाते. नसबंदी चौथ्या महिन्यानंतर करता येते. तिचा खर्च एकदम करणे जड जाते, त्यामुळे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तिची रक्कम विचारून ठेवावी आणि त्या संध्याकाळपासून एखाद्या रिकाम्या डब्यात रोजचे दहा-वीस रुपये टाकू लागावे.